गप्प बसली म्हणून बाद

बहिणीला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी ती आठवत नाही, एक खोली आठवते आणि तोंड आंबट होतं. म्हणून ती खोली आधी सांगतो.

जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानामागे ती होती. दुकानाचे मालक एका कबड्डी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि मंडळाला स्वतःची जागा नसल्यामुळे मंडळाचं सगळं कामकाज तिथंच चालायचं. तीन भिंतींना लागून औषध लावलेल्या बियाण्यांच्या थैल्या रचलेल्या. त्या औषधाचा वास उग्र, जिभेवर येऊन बसणारा. मधोमध टेबल, टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर गरम भजी. टेबलाच्या पलीकडे पाच पुरुष. अलीकडे माझी बहीण, उभी. एक रिकामी खुर्ची होती, पण तिच्यावर कोणाची तरी पिशवी ठेवलेली होती, आणि ती पिशवी उचलावी असं पाचांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. मी दाराशी उभा होतो. पालक म्हणून आलो होतो, पण पालकानं मधे बोलायचं नाही, असं आत शिरतानाच सांगण्यात आलं होतं.

ते तिला एकच गोष्ट विचारत होते, की चालू सामन्यात तू दम का सोडलास. आणि ती उत्तर देत नव्हती.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. औरंगाबादचा मोठा तुकडा आणि परभणीचा लहान, असा जोडून केलेला. आम्ही मंठ्याचे, म्हणजे परभणीकडून आलेले. जिल्हा नवा म्हणून सगळंच नवं निघालं: कचेऱ्या, पाट्या, रबरी शिक्के. खेळांची, भजनांची, व्यापाऱ्यांची मंडळं निघाली, आणि ज्याला कुठंच खुर्ची मिळाली नव्हती त्याला एखाद्या मंडळात तरी मिळाली. हे मंडळ त्यांतलंच एक. पुढे ते बंद पडलं आणि वेगळ्या नावानं पुन्हा उभं राहिलं. माणसं तीच राहिली.

बहीण माझ्याहून धाकटी, बारावीला होती. मी जालन्यातच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो होतो. ती चढाई करायची. तिचा आवाज बारीक होता, पण तुटायचा नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ही पोरगी म्हणजे पिठाची गिरणी आहे, एकदा चालू झाली की दळण संपेस्तोवर थांबत नाही. चुलीपुढे बसून भाकरी थापतानासुद्धा ती कबड्डी कबड्डी म्हणत राहायची. भाकरी थापायला घेतल्यापासून तव्यावर पडेपर्यंत एक श्वास पुरला पाहिजे, असा तिचा नेम होता. माय वैतागून म्हणायची की या घरातल्या भाकरींनासुद्धा दम लागून राह्यला. वडिलांनी तिच्या खेळण्याला कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही. ती जालन्याला सामन्यासाठी निघाली की ते पायताण घालून तिच्या पुढे चालू लागायचे आणि एस.टी. येईपर्यंत स्टँडवर उभे राहायचे. आमच्याकडे त्यालाच परवानगी समजत.

तिला शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही. विभागाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र असलं की त्या शिक्षणाला प्रवेश मिळणं सोपं जायचं, आणि विभागाचा संघ निवडला जायचा तो याच मंडळाच्या स्पर्धेतून. म्हणजे तिचं सगळं पुढचं आयुष्य बियाण्यांच्या दुकानामागच्या त्या खोलीतून जायचं होतं.

ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. चढाई करणाऱ्यानं समोरच्या संघाच्या अंगणात शिरायचं, त्यांच्यातल्या कोणाला शिवायचं आणि परत यायचं. हे होईपर्यंत एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, पंचाला ऐकू जाईल असं. शब्द थांबला की दम तुटला. दम तुटला की बाद.

तो सामना स्पर्धेतला शेवटचा होता, मंठ्याच्या आणि भोकरदनकडच्या मुलींचा. मैदानाच्या एका अंगाला पुरुष बसले होते आणि समोरच्या अंगाला बाया. तशीच रीत होती. माय सामना बघायला मंठ्याहून आली होती आणि बायांमध्ये बसली होती. मी पुरुषांत होतो. पहिल्या रांगेत बायांच्या बाजूला अध्यक्षांच्या पत्नी होत्या, बक्षिसं त्यांच्या हातून द्यायची होती. ही गोष्ट वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावी.

आमचा संघ थोडा पुढे होता. बहीण चढाईला गेली. कोपऱ्यात समोरच्या संघाची एक मुलगी उभी होती, केदारखेड्याची. सगळ्या मुलींच्या निकरा पांढऱ्या होत्या. ती मुलगी पकड करायला वळली आणि माझ्या बहिणीचा आवाज थांबला. इतका एकाएकी थांबला की आधी मला वाटलं माझेच कान बंद झाले. तिनं त्या मुलीला दोन्ही खांद्यांना धरलं, तिच्या पाठीशी गेली, कानात काही बोलली आणि तिला तशीच चिकटून मैदानाबाहेर घेऊन गेली. बाकावरचा टॉवेल उचलून तिनं तिच्या कमरेला गुंडाळला. पंचानं शिट्टी मारली. बहीण बाद झाली, आणि पुढे आमचा संघ एका गुणानं हरला. माझ्या आजूबाजूचे पुरुष ओरडू लागले की दोघींचं आधीच ठरलेलं होतं.

मला काही कळलं नव्हतं. सामना संपल्यावर मायला विचारलं, तर तिनं माझ्याकडे न बघता पिशवीची गाठ मारत सांगितलं, ‘‘ती पोरगी अडचणीत होती. कपड्यावर आलं होतं. आता पुन्हा विचारू नको.’’

बायांच्या बाजूनं सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांना समजलं होतं. आणि त्यावर एकीलाही काही बोलायची गरज वाटली नव्हती.

आठवड्याभरानं मंडळाचं पत्र आलं. आमच्याच संघाच्या व्यवस्थापकानं तक्रार केली होती की बहिणीनं विरोधी संघाशी संगनमत करून दम सोडला. तिनं चौकशीला हजर राहावं आणि खुलासा करावा. वडील म्हणाले, तू जा तिच्याबरोबर.

जालन्याच्या स्टँडवरून त्या दुकानाकडे जाताना मी तिला सुचवून पाहिलं की माय अध्यक्षांच्या पत्नीशी बोलेल, बाईचं बाईला कळेल. ती चालता चालता म्हणाली, ‘‘न्हाई भाऊ. त्यांनी बघितलंच की. सांगायचं असतं तर त्यांनी घरी सांगितलं नसंल का?’’

मी म्हणालो, मग चक्कर आली म्हणून सांग. तिला राग आला.

‘‘खोटं कामून बोलू? म्या काय चोरी केली का? आन् खरं बोलले तर त्या पोरीचं नाव पाच बाप्यांच्या तोंडात जाईन. तिचं लगीन ठरून राह्यलंय.’’

एवढंच. त्यानंतर ती त्या खोलीत शिरेपर्यंत काही बोलली नाही, आणि शिरल्यावर तर नाहीच.

अध्यक्ष सुरुवातीला गोड होते. घरचीच माणसं आहोत, भ्यायचं कारण नाही, असं म्हणाले. भजं मोडून तोंडात टाकलं आणि तेलाची बोटं तक्रारीच्या कागदाच्या कोपऱ्याला पुसली. मग बाकीच्यांनी सुरू केलं. कोणी पढवलं होतं, त्या पोरीची आणि तुझी ओळख कधीची, तिच्या कानात काय सांगितलं. बहीण थैल्यांकडे बघत उभी होती. तिचे हात पदराआड नव्हते, सरळ खाली सोडलेले होते. मला ते आठवतं, कारण मी तिच्या हातांकडेच बघत होतो. इतर कुठं बघण्याची मला किळस येत होती.

मग डाव्या बाजूच्या एकानं, जो आतापर्यंत नुसता खात होता, विचारलं, ‘‘टॉवेल कामून गुंडाळला मंग तिला? उन्हाळ्यात थंडी वाजून राह्यली होती का?’’

दोघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खाली बघितलं. त्या क्षणी मला समजलं की त्यांना माहीत आहे. निदान अध्यक्षांना आणि त्या डाव्या बाजूच्याला तरी. घरी बायकोनं सांगितलेलं होतं, ते पुढे गेलेलं होतं. त्यांना कारण जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांना ते एका अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकायचं होतं, भजी खाता खाता. टॉवेल हा शब्द त्या माणसानं ज्या तऱ्हेनं उच्चारला, तसा तो मी नंतर कुठं ऐकला की आजही उठून जातो.

मला राहवलं नाही. मी दारातून विचारलं की तिला उत्तर द्यायचं नसेल तर काय. सचिव माझ्याकडे वळले. ते अनेक वर्षं पंच होते, आणि चौकशीच्या दिवशीसुद्धा गळ्यात शिट्टी घालून बसले होते.

‘‘तुम्ही पुस्तकं सांभाळता ना? मंग तीच सांभाळा,’’ ते म्हणाले. ‘‘आपला कायदा लई साधा आहे. मैदानात तोंड थांबलं की बाद. हितं बी तेच. इचारलं की बोलायचं, थांबली की बाद.’’

असं म्हणून त्यांनी शिट्टी ओठाला लावली आणि हळूच फुंकली. या वेळी पाचही हसले.

मी त्या हसण्याचा पुढे खूप विचार केला आहे. ती नुसती थट्टा असती तर बरं झालं असतं. पण सचिवांना ते खरंच वाटत होतं. त्यांचा जन्म त्या एका नियमाखाली गेला होता की जो गप्प झाला तो गेला. माणूस कधी दुसऱ्यासाठी गप्प बसतो, कधी बोलण्यासारखी माणसं समोर नसतात म्हणून गप्प बसतो, हे त्यांच्या खेळाच्या नियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणून ज्यांना माहीत होतं ते बीभत्स होते, आणि ज्यांना माहीत नव्हतं ते त्या नियमाच्या आड सुखानं बसले होते. निकाल दोघांचा एकच आला.

खेळाडूनं आरोप नाकारला नाही, त्या अर्थी तो तिला मान्य आहे. तीन वर्षं बंदी. निकालाच्या पत्रावर शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून पुन्हा मारलेला होता, थोडा बाजूला.

आमच्या ग्रंथालयात एक वकील वर्तमानपत्रं वाचायला यायचे. मी त्यांना सगळं नाही, पण चौकशीपुरतं सांगितलं. ते सज्जन होते. त्यांनी कपाटातून राज्यघटना काढायला लावली आणि पान उघडून दाखवलं, की आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. मला एकदम हलकं वाटलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि समजावून सांगितलं की हे फौजदारी आरोपासाठी. मंडळ म्हणजे कोर्ट नाही, पोलीस नाही. तिथं हा हक्क सांगता येणार नाही. दावा लावता येईल, पण निकाल लागेपर्यंत मुलीचं खेळायचं वय निघून जाईल.

सुट्टीला घरी गेल्यावर मी बहिणीला हे सांगितलं, की खुनाच्या आरोपीला गप्प बसता येतं, तुला येत नाही. ती भाकरी थापत होती. तोंडानं काही म्हणत नव्हती, नुसती थापत होती. म्हणाली, ‘‘मंग खूनच करायला पाहिजे होता, भाऊ. तिथं पाच तर होतेच की.’’

माय हसली. मीही हसलो. बहिणीनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं.

तीन वर्षांत ती कुठल्याच संघात नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, प्रवेशही मिळाला नाही. मग तिचं लग्न झालं, शहागडला. मेहुण्यांचं हमरस्त्यावर टायरचं दुकान. भला माणूस. बहिणीनं घर सांभाळलं, मुलं वाढवली, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर ती शाळेमागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवू लागली. पगार नाही, पद नाही. शाळेच्या कुठल्याही फलकावर तिचं नाव नव्हतं. मुली तिला मॅडम म्हणत नसत, काकू म्हणत. मी कधी गेलो तर मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन बसायचो. ट्रक जात राहायचे, आणि त्यांच्या आवाजातून मुलींच्या दमाचा आवाज ऐकू यायचा.

तिनं या मुलींना पांढरी निकर कधीच घालू दिली नाही. गावातल्या शिंप्याकडून गडद निळ्या कापडाच्या शिवून घ्यायची, आणि एक जास्तीची, घडी करून, पाण्याच्या कळशीशेजारी पिशवीत ठेवलेली असायची. का, ते तिनं मुलींना कसं सांगितलं होतं मला माहीत नाही. मला कधीच सांगितलं नाही. त्या दिवसाविषयी आम्ही दोघं पुढे कधी बोललो नाही.

तिला कावीळ झाली, तिचं मूळ पोटातल्या गाठीत होतं असं उशिरा कळलं. ती गेली तेव्हा चाळिशीही नव्हती. राख गोदावरीत सोडली, पुलाच्या खाली.

दारावर बसायला येणाऱ्या बायांमध्ये एक दिवस केदारखेड्याची ती आली. मी तिला ओळखलं नाही. केस पिकायला लागलेले, सोबत मुलगी. माझ्या भाचीशेजारी बसून ती बराच वेळ रडली, मग मला बाजूला बोलावलं. म्हणाली की मंडळानं बंदी घातली हे तिला लग्नानंतर कळलं, तोवर उशीर झाला होता. ती बहिणीला भेटायला एकदा शहागडला आली होती. मंडळाला जाऊन सगळं सांगते म्हणाली, तर बहिणीनं तिला चहा करून दिला आणि विषय बदलला.

‘‘तुम्ही लिहिता म्हणे, सर,’’ ती म्हणाली. ‘‘लिवा. माझं नाव नका घालू, बाकी समदं लिवा. माझी पोरगी बी खेळती. तिला म्या सांगितलंय, लाज कशाची.’’

त्या बोलण्यामुळेच हे लिहितो आहे. नाहीतर बहिणीनं जे ठेवलं होतं ते मी उघडलं नसतं.

मग शोकसभा. शाळेनंच ठेवली होती, मैदानात. एका खुर्चीवर तिचा फोटो, त्याला हार. पुरुष इकडे, बाया तिकडे, तेव्हासारखेच. बायांच्या मागे तिच्या हाताखालच्या मुली रांगेनं बसल्या होत्या, निळ्या निकरांवर ओढण्या घेऊन. आणि जालन्याहून गाडी आली. अध्यक्ष उतरले. म्हातारे झाले होते, पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी. नव्या नावाच्या मंडळाचेही तेच अध्यक्ष होते.

ते बोलले. माझी बहीण म्हणजे जिल्ह्याच्या मातीतली कन्या, तिचा दम अजून कानांत घुमतो, ग्रामीण मुलींसाठी तिनं केलेला त्याग मंडळ विसरणार नाही. ते तिला पुन्हा पुन्हा ‘आमची खेळाडू’ म्हणत होते. मी मान खाली घालून बसलो होतो आणि मला बियाण्यांच्या औषधाचा वास येत होता, उघड्या मैदानात. बोलून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. गप्प राहून तिला आदरांजली वाहू या, म्हणाले.

मी उभा राहिलो. तिच्यासाठी राहिलो. पण त्या दोन मिनिटांत माझं डोकं फिरत होतं, की हाच माणूस, याच्याच हुकमानं गप्प राहणं आता आदर झालं.

खाली बसल्यावर अध्यक्षांनी घोषणा केली. दरवर्षी मुलींची जिल्हास्तरीय स्पर्धा, तिच्या नावानं. टाळ्या वाजल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘भावाची काही हरकत न्हाई ना?’’

मी बोललो नाही. बोलायचंच नाही असं ठरवून आलो होतो. त्या माणसाशी एक शब्द बोलणं मला घाण वाटत होतं, आणि बहिणीची रीतही तीच होती. अध्यक्षांनी क्षणभर वाट बघितली, मान हलवली आणि सभेकडे वळून म्हणाले, ‘‘घरच्यांची संमती आहे.’’

त्यांनी पुन्हा तेच केलं होतं. पहिल्यांदा गप्प राहण्याचा कबुलीजबाब केला, आता संमती. या माणसांच्या समोर आपली शांतता आपली राहतच नाही, त्यांना हवं ते त्यात भरून घेतात. मी उठलो.

‘‘हरकत आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तिचं नाव वापरायचं नाही.’’

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मान खाली घातली, म्हणजे माझ्या बोलण्याला त्यांचीही ना नव्हती. अध्यक्ष काठी सावरून पुढे झाले. नाराज नव्हते, समजूत घालायच्या सुरात होते. ‘‘का बरं, सर? काही कारण?’’

मी म्हणालो, ‘‘कारण सांगणार नाही.’’

ते वाट बघत राहिले. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, कोणी हसतंय का म्हणून. पुरुषांच्या बाजूला सगळे गोंधळले होते. बायांच्या बाजूला केदारखेड्याची ती आपल्या मुलीचा हात धरून ताठ बसली होती आणि सरळ अध्यक्षांकडे बघत होती. अध्यक्षांनी तिला ओळखलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी नजर काढून घेतली.

तिच्या नावाची स्पर्धा झाली नाही. शिकवायचं आता तिच्याच हाताखालच्या एका मुलीनं घेतलं आहे, कळशीशेजारी पिशवी असते.

सभेनंतर चहा आला. अध्यक्षांनी स्वतः एक कप उचलून माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. ते थोडा वेळ तसाच धरून उभे राहिले, मग तो कप त्यांनी आपल्या ड्रायव्हरला दिला.